एकट्याची बुडी : जोखीम आणि सिद्धता

वसई तालुक्याला तिन्ही अंगांनी पाण्याचा वेढा आहे. उत्तरेस वैतरणा नदीचे मुख, दक्षिणेस उल्हास नदी समुद्रास मिळते ती वसईची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र. याखेरीज पश्चिम पट्ट्यातील वाड्यांतून जुन्या विहिरी आणि बावखले आहेत, तर पूर्वेकडील डोंगरांच्या पायथ्याशी दगड काढून झाल्यावर सोडून दिलेल्या खाणींत पावसाचे पाणी साठून राहिले आहे. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली आणि १ ऑगस्ट २०१४ पासून हा प्रदेश नव्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाला. नागरी वस्ती झपाट्याने वाढली. पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचय असलेल्या कोळी व बागायतदार कुटुंबांच्या शेजारी, पाण्याचा स्वभाव मुळीच ठाऊक नसलेला मोठा समाज आता राहू लागला आहे.

या परिसरात पाण्याखाली जाणाऱ्या प्रत्येकास लोक पाणबुड्या म्हणत नाहीत. नौकेच्या पंख्यात गुंतलेले जाळे सोडविण्यासाठी उतरणारा खलाशी, विहिरीतील पंपाचा तुंबलेला फूटव्हॉल्व्ह मोकळा करण्यासाठी बुडी घेणारा शेतकरी, खाणीच्या काठावरून सूर मारणारा विद्यार्थी, किंवा मालवणच्या समुद्रात स्कूबाचा अनुभव घेऊन आलेला हौशी तरुण, हे सारे आपापल्या परीने पाणबुडेच होत. त्यांच्यापैकी अनेक जण एकटेच पाण्यात उतरतात. काम पाच मिनिटांचे असते, पोहता उत्तम येत असते, पाणी ओळखीचे असते. मग सोबतीची गरज काय, असा त्यांचा समज असतो. हा समज कितपत खरा आहे आणि एकट्याने बुडी घेणे भागच पडले तर कोणती सिद्धता असावी, याचा विचार येथे केला आहे.

बुडीचा व्यवसाय आणि वरचा माणूस

ज्या समाजांनी बुडीवर पोट भरले, त्यांची रीत प्रथम पाहणे उद्बोधक ठरेल. दक्षिणेत मन्नारच्या आखातात तुतिकोरिनजवळ शतकानुशतके मोत्यांच्या शिंपल्यांसाठी बुड्या घेतल्या जात. तेथील अखेरचे मोठे हंगाम १९५५ ते १९६१ या काळात झाले. पाणबुड्या जड दगडाच्या आधारे तळाशी जाई, शिंपले गोळा करी आणि श्वास संपत आला की दोराला झटका देई. नौकेवर त्याचा दोर सांभाळणारा साथीदार बसलेला असे. झटका मिळताच तो त्यास वर ओढून घेई. साथीदाराने पाण्यात उतरण्याचे कारण नसे. मात्र दोरावरचा हात आणि पाण्यावरची नजर त्याला क्षणभरही काढता येत नसे.

जपानमधील ‘आमा’ स्त्रियांची पद्धतही याच धर्तीची. नौकेवरून खोल पाण्यात जाणाऱ्या आमाच्या कमरेला दोर बांधलेला असे आणि तो वर ओढणारा पुरुष बहुधा तिचा पतीच असे. आधुनिक काळात नौदलांनी आणि बंदरांत काम करणाऱ्या पाणबुड्यांनीही हीच शिस्त अधिक काटेकोर केली. पाण्याखाली एकच माणूस काम करीत असला, तरी त्याची जीवनदोरी सांभाळणारा एक सहायक वर असतो आणि गरज पडताच उतरण्यास सज्ज असलेला दुसरा पाणबुड्या तयार ठेवलेला असतो.

या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. बुडी ज्यांचा रोजचा व्यवसाय होता, ते पाण्याखाली एकटे जात. परंतु त्यांची बुडी एकट्याची नसे. खोल श्वास आणि कणखर शरीर असूनही वरच्या माणसावाचून त्यांनी काम केले नाही. म्हणून ‘एकट्याची बुडी’ याचा नेमका अर्थ, जिच्याविषयी काठावर कोणासही पत्ता नाही अशी बुडी, असाच घेतला पाहिजे. जोखीम दडलेली असते ती येथे.

दाबाचे गणित

पाण्याखाली शरीरावर काय घडते हे समजल्याखेरीज सोबतीचे मोल कळत नाही. पृष्ठभागावर आपल्या शरीरावर एका वातावरणाचा दाब असतो. समुद्राच्या पाण्यात प्रत्येक १० मीटर खोलीस त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. वायूवरील दाब दुप्पट झाला की त्याचे आकारमान निम्मे होते, हा नियम रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६२ साली मांडला. म्हणजे श्वास रोखून १० मीटर खाली गेलेल्या माणसाच्या फुप्फुसांतील हवा पृष्ठभागावरील आकारमानाच्या अर्ध्यावर येते.

याचा पहिला अनुभव कानांना येतो. दोनतीन मीटर खोलीवरच पडद्यावर ताण येऊन कान दुखू लागतात. नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानांकडे लोटली, किंवा आवंढा गिळला, म्हणजे दाब समान होतो. सर्दी झालेली असताना हे घडत नाही. अशा वेळी बळाने खाली गेल्यास पडदा फाटतो, कानात थंड पाणी शिरते आणि डोके गरगरून वर कोणते व खाली कोणते हेच कळेनासे होते. सोबती असेल तर तो हात धरून वर आणतो. एकट्या माणसाला हीच भोवळ प्राणघातक ठरू शकते.

श्वास रोखून घेतलेल्या बुडीतील सर्वांत मोठा धोका मात्र वेदनारहित आहे. श्वास घेण्याची तीव्र इच्छा होते ती मुख्यत्वे रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढल्यामुळे. अधिक वेळ पाण्याखाली राहता यावे म्हणून पुष्कळ मुले बुडी घेण्यापूर्वी भराभर दीर्घ श्वास घेतात. निरोगी माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायूने आधीच जवळजवळ पूर्ण भरलेल्या असल्याने अशा श्वासांनी प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. कमी होतो तो कार्बन डाय-ऑक्साइड. परिणामी शरीराची धोक्याची घंटा उशिरा वाजते. प्राणवायू मात्र आपल्या गतीने संपत राहतो. अल्बर्ट क्रेग या अमेरिकन संशोधकाने १९६१ साली पाण्याखाली पोहताना शुद्ध हरपण्याच्या प्रकारांचा अभ्यास प्रसिद्ध करून हे कारण पुढे आणले.

वर येताना धोका आणखी वाढतो. समजा, १० मीटर खोलीवर असलेल्या माणसाच्या फुप्फुसांतील प्राणवायूचे प्रमाण ४ टक्क्यांवर आले आहे. तेथे दाब दुप्पट असल्याने तो पृष्ठभागावरील ८ टक्क्यांइतके काम करतो आणि माणूस शुद्धीवर राहतो. तोच माणूस वर येऊ लागला की दाब घटतो. शेवटच्या काही मीटरांत तेच ४ टक्के खरोखरी ४ टक्केच उरतात आणि इतक्या प्राणवायूवर मेंदूची शुद्ध टिकत नाही. पृष्ठभाग हाताच्या अंतरावर असताना, कसलीही पूर्वसूचना न मिळता, तो निश्चेष्ट होतो. उत्तम पोहणाऱ्यासही हे होऊ शकते. किंबहुना अधिक काळ श्वास रोखण्याचा सराव असलेल्यासच याचा धोका अधिक असतो.

अशा वेळी मिनिटाच्या आत कोणी तोंड पाण्याबाहेर काढले तर बहुधा माणूस वाचतो. चार ते सहा मिनिटे प्राणवायू न मिळाल्यास मेंदूस कायमची इजा होऊ लागते. बेशुद्ध माणूस स्वतःस वाचवू शकत नाही आणि कोणतेही उपकरण त्याच्या जागी विचार करीत नाही. म्हणून श्वास रोखून एकट्याने खोल बुडी घेण्यासाठी ‘पुरेशी सिद्धता’ अशी वस्तूच नाही, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. एक जण खाली असताना दुसऱ्याने वरून पाहावे, आणि तो वर आल्यावरही निदान अर्धा मिनिट त्याच्यावरून नजर काढू नये, एवढाच यावरील उपाय आहे.

हवेची टाकी पाठीवर असताना

१९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी मागणीनुसार हवा पुरविणारे श्वसनयंत्र सिद्ध केले आणि पाण्याखालील जग सामान्य माणसास खुले झाले. महाराष्ट्रात मालवणच्या किनाऱ्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात हा खेळ चांगलाच रुजला असून तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. वसई-विरारमधील तरुणही तेथे जातात. प्रशिक्षकाचा हात धरून घेतलेली पहिली बुडी आणि स्वतंत्रपणे घेतलेली बुडी यांत मोठे अंतर आहे. एका अनुभवाने माणूस पाणबुड्या होत नाही, हे तेथून परतणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

टाकी असली की श्वास रोखावा लागत नाही. पण हवेचा हिशेब ठेवावा लागतो. ११ लिटरची टाकी २०० बार दाबाने भरली असता तिच्यात पृष्ठभागावरील सुमारे २,२०० लिटर हवा मावते. शांतपणे पोहणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटास २० लिटर हवा वापरतो असे धरले, तर १० मीटरवर दाब दुप्पट असल्याने ४० लिटर आणि २० मीटरवर ६० लिटर लागतात. म्हणजे हीच टाकी १० मीटरवर ५५ मिनिटे, तर २० मीटरवर जेमतेम ३६ मिनिटे पुरते. भीतीने श्वास दुप्पट झाला की २० मीटरवरील अवधी १८ मिनिटांवर येतो. जोडीदार असेल तर हवा संपल्यावर त्याचा पर्यायी नळ तोंडात धरता येतो. एकट्याजवळ तो नसतो. म्हणून एक तृतीयांश हवा जाण्यास, एक तृतीयांश येण्यास आणि एक तृतीयांश संकटासाठी, ही वाटणी एकट्याने कटाक्षाने पाळावयाची असते.

घाबरून श्वास रोखत वर येणे हा दुसरा घातक प्रकार. खोलीवर घेतलेली दाबाची हवा वर येताना प्रसरण पावते आणि बाहेर पडण्यास वाट न मिळाल्यास फुप्फुस फाडते. यासाठी फार खोली लागत नाही. दीड मीटरच्या आसपासच्या पाण्यातही असे अपघात होऊ शकतात. टाकीतून श्वास घेणाऱ्याने श्वास कधीही रोखू नये, हा म्हणूनच पहिला नियम होय.

तिसरा धोका नत्रवायूचा. दाबाखाली तो रक्तात व पेशीजालात विरघळतो आणि माणूस झपाट्याने वर आला तर त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखी, बधिरता, क्वचित पक्षाघातही होतो. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ साली टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली, तेव्हापासून या विकारास शास्त्रीय आळा बसला. मिनिटास ९ मीटरहून अधिक वेगाने वर न येणे आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबणे ही आजची सर्वसाधारण शिस्त आहे. बुडीनंतर लगेच विमानप्रवास करू नये. एका बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास जाऊ द्यावेत. मालवणहून आंबोलीसारख्या उंच घाटातून परतणाऱ्यांनीही ही काळजी घेणे शहाणपणाचे होय.

एकल बुडीचे प्रशिक्षण

जगातील बहुतेक प्रशिक्षण संस्था नवशिक्यास जोडीनेच बुडी घेण्यास शिकवितात. तथापि पाण्याखाली छायाचित्रे घेणारे, संशोधक आणि स्वतः प्रशिक्षक यांना प्रत्यक्षात अनेकदा एकट्याने राहावे लागते. शेजारी अननुभवी जोडीदार असला तर सोबत असूनही आधार नसतो, हेही खरे. ही वस्तुस्थिती मान्य करून काही आंतरराष्ट्रीय संस्थांनी एकल अथवा स्वावलंबी पाणबुड्याचे स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केले. त्यांना प्रवेशाची अट लक्षणीय आहे : उमेदवाराने किमान १०० नोंदविलेल्या बुड्या पूर्ण केलेल्या असाव्या लागतात.

या अभ्यासक्रमांचे सूत्र असे की, जोडीदार जे जे देतो ते ते दुसऱ्या मार्गाने बरोबर न्यावे. त्याच्या हवेच्या जागी संपूर्ण स्वतंत्र अशी दुसरी लहान टाकी. त्याच्या सुरीच्या जागी दोन कापणारी साधने, दोन्ही हातांना पोहोचतील अशा ठिकाणी. त्याच्या नजरेच्या जागी दोन खोलीमापके, जादा मुखवटा आणि पृष्ठभागावर आपला ठाव दाखविणारा तरंगता फुगा. खोली आपल्या आजवरच्या अनुभवाहून कमी ठेवावी, गुहेत वा बुडालेल्या जहाजाच्या पोटात शिरू नये, आणि शंका येताच बुडी सोडून द्यावी.

एवढी तयारी करूनही एक उणीव शिल्लक राहतेच. शुद्ध हरपली, हृदयविकाराचा झटका आला, किंवा मन गोंधळून निर्णयशक्ती गेली, तर दुसरी टाकी आणि दुसरी सुरी निरुपयोगी ठरतात. स्वतःची चूक स्वतःस दिसत नाही, ती शेजारच्यास दिसते. म्हणून प्रशिक्षित एकल पाणबुड्याही काठावरील माणसाची जागा उपकरणाने भरत नाही. आपण कोठे उतरलो आणि केव्हा परतणार, हे ठाऊक असलेला एक जबाबदार माणूस तो वर ठेवतोच.

वसईच्या पाण्यांचा स्वभाव

ही तत्त्वे आता प्रत्यक्ष परिसरास लावून पाहू.

समुद्र आणि खाडी : वैतरणा आणि उल्हास या नद्यांचा गाळ आणि भरती-ओहोटीची ओढ यांमुळे येथील पाणी गढूळ असते. मालवणसारखी स्वच्छ दृष्टी येथे मिळत नाही. हातभर अंतरावरचे जाळेही पुष्कळदा दिसत नाही. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील पाण्याच्या उंचीचा फरक चार ते पाच मीटरपर्यंत जातो. सकाळी जेथे सूर मारला तेथे दुपारी गुडघाभर पाणी असू शकते आणि तेथेच मारलेला सूर मानेचा मणका मोडतो. भरतीची वेळ काढण्याची किनाऱ्यावरील जुनी रीत सोपी आहे. तिथीच्या अंकास पाऊणने गुणावे. चतुर्थीस चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, अर्थात तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. हा अंदाज होय. बुडीसाठी छापील भरतीपत्रक पाहावे. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव, रानगाव येथील किनाऱ्यांवर पावसाळ्यात पाण्यात उतरणे सर्वथा टाळावे.

नौकेचा पंखा : जाळे वा दोर पंख्यात गुंतला की खलाशी तोंडात सुरी धरून उडी घेतो. यात बेशुद्धीखेरीज तीन धोके आहेत. कोणीतरी अजाणता यंत्र सुरू करणे, लाटेबरोबर खाली-वर होणारा नौकेचा मागचा भाग डोक्यावर आदळणे, आणि कापलेला दोर हातापायांस गुरफटणे. तांडेलाने प्रथम यंत्र बंद करून नांगर टाकावा. यंत्राची किल्ली काढून उतरणाऱ्याच्याच गळ्यात बांधावी. तो वर येईपर्यंत यंत्र सुरूच होऊ शकणार नाही. सुरी तोंडात न धरता मनगटास दोरीने अडकवावी. उतरणाऱ्याच्या छातीभोवती दोर असावा आणि मागील बाजूस एका खलाशाने दुसरे कोणतेही काम न करता त्याच्याकडे पाहत उभे राहावे.

विहीर : वापरात नसलेल्या, झाकलेल्या किंवा कचरा पडलेल्या विहिरीत पाण्यापूर्वीच हवा माणसाचा घात करते. कुजण्यामुळे तेथे प्राणवायू कमी होतो आणि जड वायू साचतात. उतरलेला माणूस खाली कोसळतो, त्यास काढण्यासाठी दुसरा उतरतो, त्यामागे तिसरा, अशा साखळीने एकाच घरातील अनेकांचे बळी गेल्याच्या घटना देशभर घडत आल्या आहेत. दिवा खाली सोडून पाहण्याची पद्धत प्राणवायूची कमतरता दाखविते. परंतु दिवा जळत राहिला म्हणजे विषारी वायू नाहीत, असे सिद्ध होत नाही. विहिरीत डिझेल पंप चालू असताना किंवा नुकताच बंद केला असताना कदापि उतरू नये, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. विजेच्या पंपाचा प्रवाह मुख्य बटणापाशी तोडून तेथे एक माणूस बसवावा. पाणी उपसून वा फूटव्हॉल्व्ह नळासकट वर ओढून काम होत असेल, तर बुडी घेऊच नये.

बावखल : वरून शांत दिसणाऱ्या या तळ्यांचा तळ गाळाचा असतो आणि कित्येक ठिकाणी जलपर्णी माजलेली असते. गाळात पाय रुतला की धडपडीने तो अधिक रुततो. वेलींत हात अडकला की दिसेनासे होते. येथे तळास पाय न टेकता आडवे राहणे आणि काठाशी बांधलेला दोर सोडू न देणे हाच बचाव होय.

खाण : दगडखाणीचे पाणी सर्वांत फसवे. काठ उभे कापलेले असल्याने दोन पावलांवर एकदम खोल पाणी लागते. दमलेल्या पोहणाऱ्यास हात टेकण्यास जागा नसते. तळाशी लोखंडी तारा, यंत्रांचे भाग आणि दगडांचे सुळके लपलेले असतात. ऊन वरचा थर तापविते, पण खाली पाणी एकाएकी थंड होते. हवेच्या मानाने पाणी शरीरातील उष्णता सुमारे २५ पट वेगाने वाहून नेते. अशा थंड थरात शिरताच नकळत दीर्घ श्वास ओढला जातो आणि तोंडात पाणी जाते. खाणीच्या पाण्यात एकट्याने बुडी घेण्यास कोणत्याही सिद्धतेचे समर्थन देता येणार नाही.

उतरण्यापूर्वीची सिद्धता

काम अटळ असेल, तर पुढील सहा गोष्टी पूर्ण झाल्याखेरीज पाण्यात पाय घालू नये.

१. वरचा माणूस. तो प्रौढ असावा, पाण्याच्या काठी बसून असावा, त्यास दोर ओढता यावा. मोबाइलवर रमलेला सोबती म्हणजे सोबतच नव्हे.

२. दोर आणि खुणा. छातीभोवती, काखांखालून पक्का पण चटकन सुटेल असा दोर. खुणा आधी ठरवून काठावर एकदा करून पाहाव्यात. एक झटका म्हणजे ‘ठीक आहे’, लागोपाठ अनेक झटके म्हणजे ‘ओढ’, एवढ्या दोन खुणा पुरतात. विचारलेल्या झटक्यास उत्तर न आल्यास वाट न पाहता ओढावे.

३. वेळ. श्वास रोखून काम असेल तर एका बुडीस अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ देऊ नये आणि दोन बुड्यांमध्ये निदान दुप्पट विश्रांती घ्यावी. भराभर श्वास घेऊन उतरू नये.

४. शरीर. सर्दी, ताप, अपुरी झोप, भरपेट जेवण असताना उतरू नये. मद्यपानानंतर तर मुळीच नव्हे. फीट, दमा वा हृदयविकार असलेल्याने वैद्यांचा सल्ला घ्यावा.

५. साधने. टायरमध्ये हवा भरण्याच्या यंत्रास नळी जोडून श्वास घेण्याचा प्रयोग जीवघेणा आहे. त्या हवेत तेलाचा अंश आणि धूर मिसळलेला असू शकतो. टाकी प्रशिक्षणाशिवाय वापरू नये.

६. परतीचा निर्णय. किती प्रयत्नांनंतर काम सोडावयाचे, हे काठावरच ठरवावे. दोर, जाळे वा पंप पुन्हा मिळू शकतो.

अपघात घडल्यास

बुडणाऱ्याच्या मागे उडी घेण्याची पहिली ऊर्मी आवरली पाहिजे. प्रथम आरडाओरड करून माणसे जमवावीत. बांबू, ओढणी किंवा दोर पुढे करावा. झाकण लावलेला रिकामा प्लास्टिकचा डबा दोरास बांधून फेकावा. बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबून किंवा त्यास उलटे टांगून पाणी काढण्याची जुनी समजूत घातक आहे; त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास थांबला असेल तर डोके मागे करून तोंडाने श्वास द्यावेत आणि लागोपाठ छातीच्या मध्यभागी ३० दाब व २ श्वास हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. शुद्धीवर आला तरी त्यास रुग्णालयात न्यावे, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचे परिणाम काही तासांनी दिसू शकतात.

साहाय्यासाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि समुद्रातील संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक नौकेवर आणि घरी ठळक लिहून ठेवावेत. टाकी घेऊन बुडी घेतल्यानंतर सांधे दुखणे, बधिरता वा चक्कर जाणवल्यास आपण बुडी घेतली होती हे वैद्यांस आवर्जून सांगावे. मुंबईस कुलाबा येथील नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाच्या आवारात पाण्याखालील वैद्यकाचा अभ्यास करणारी नौदल वैद्यक संस्था आहे.

दोराचे मोल

पोहणे शिकविणारे तलाव वाढत आहेत, ही समाधानाची बाब आहे. परंतु पोहता येणे ही सिद्धतेची सुरुवात आहे. जोखमीचे भान हा तिचा मोठा भाग आहे. यासाठी फार खर्चाची आवश्यकता नाही. मच्छीमार सहकारी संस्थांनी प्रत्येक नौकेवर उतरणाऱ्यासाठी वेगळा दोर ठेवण्याचा नियम केला, वाडीवाडीतून सामाईक विहिरीजवळ एक लांब दोर आणि तरंगता डबा टांगून ठेवला, शाळांनी पावसाळ्यापूर्वी एक तास श्वास आणि दाब यांच्या गणितास दिला आणि खाणींच्या तोंडाशी कुंपण घातले गेले, तर अनेक घरांवरील आघात टळतील.

तुतिकोरिनचा पाणबुड्या धाडसात कोणापेक्षाही उणा नव्हता. तरीही दोराचे दुसरे टोक हाती धरणारा माणूस नौकेवर बसल्यावाचून तो उतरत नसे. वसईच्या खलाशाने, बागायतदाराने आणि विद्यार्थ्यानेही तेवढा वेळ थांबावे. सोबती येईपर्यंतची दहा मिनिटे वाया जात नाहीत; बुडीच्या कामाचाच तो पहिला भाग आहे.